देश किती झाले?

मराठी प्रवासवर्णनकाराचा परिचय करून देताना हल्ली त्याने किती देश पाहिले, हा आकडा प्रथम सांगितला जातो. पस्तीस, बेचाळीस, साठ. मलपृष्ठावर तो छापला जातो, सत्काराच्या भाषणात दोनदा उच्चारला जातो. देशांची मोजदाद ही लेखनाची पात्रता कधीपासून झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्ही विचारणार आहोत. आणि या अपराधात आमचाही वाटा असल्याने आधी स्वतःचीच साक्ष काढतो.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुट्टीत जमेल तसे हिंडतो. इस्तंबूलला तीनदा गेलो. पहिल्या भेटीनंतर एका दिवाळी अंकात लेख लिहिला. त्यात सारे यथासांग होते: आया सोफियाचा घुमट, बॉस्फरसमधली फेरीबोट, कमरेशी निमुळत्या पेल्यातला चहा, ‘लोक फार अगत्यशील’ हे वाक्य. शिवाय इस्तिकलाल मार्गावरच्या जुन्या इमारती आणि लाल ट्राम पाहून सुचलेला, नाना धर्मांच्या सहजीवनावरचा एक परिच्छेद. संपादकांना तोच विशेष भावला.

तो परिच्छेद खोटा होता. थेसालोनिकीतील अतातुर्कच्या जन्मघरापाशी बॉम्ब फुटल्याची बातमी पसरली आणि ६ सप्टेंबर १९५५च्या रात्री याच मार्गावर जमावाने ग्रीकांची दुकाने फोडली, माल रस्त्यावर फेकला. शहरभर घरे आणि चर्चही सुटली नाहीत. आर्मेनियन आणि ज्यूंनाही झळ पोहोचली. १९६४मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या सुमारे १२ हजार लोकांना देशाबाहेर काढले गेले. त्यांच्यामागे त्यांचे आप्तही गेले. १९२०च्या दशकात शहरात लाखभर ग्रीक होते, आज जेमतेम काही हजार उरले आहेत. आम्ही ज्यांचे कोरीव सज्जे पाहून हरखलो, त्या घरांतली माणसे कुठे गेली, हा प्रश्न आम्हांस पडलाच नाही. ओरहान पामुक यांच्या ‘इस्तंबूल’ (२००३) या पुस्तकात त्या रात्रीविषयी लिहिलेले आहे. आम्ही ते नंतर वाचले. (ती लाल ट्रामदेखील १९९०मध्ये नव्याने सुरू केलेली, जुनी वाटावी म्हणून.)

यावर ठरलेले उत्तर येते: प्रवासी म्हणजे इतिहासकार नव्हे. मान्य. पण मग त्या वास्तूचे ५३७ हे साल आणि १४५३चा विजय आमच्या लेखात कसा आला? वाटाड्याने सांगितला म्हणून आला. वाटाड्याने जे गाळले, ते आम्हीही गाळले. जानेवारी २०२४पासून परदेशी प्रवाशाला २५ युरो भरून आया सोफिया वरच्या सज्जातूनच पाहावी लागते. खालचा भाग नमाजासाठी आहे. आमचे बहुतेक प्रवासवर्णन त्या सज्जातच उभे आहे, आणि तेही फार पूर्वीपासून.

मराठीत हे असेच चालत आले आहे, असेही नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या आणि १८८९मध्ये ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. शीर्षकात लोकस्थिती आधी आहे. तेथील शिक्षण, राज्यपद्धती, स्त्रियांच्या संस्था यांविषयी त्यांना मनापासून आदर होता. तरी मूळ रहिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्यावरील अन्याय त्यांनी झाकला नाही. देश किती झाले, असे रमाबाईंना विचारायचे कुणाला सुचले असते? पुढे ‘अपूर्वाई’ने मराठी वाचकाला परदेशाची गोडी लावली, अनुकरण करणाऱ्यांनी पु. लं.चा विनोद तेवढा उचलला, माणसांविषयीचे कुतूहल पानावर राहिले.

तिसऱ्या भेटीत आम्ही तक्सिम चौकाजवळच्या आया त्रियादा या ग्रीक चर्चमध्ये गेलो. १८८०मध्ये पूर्ण झालेले हे चर्चही १९५५च्या त्या हल्ल्यातून वाचले नव्हते. घरी परतल्यावर जुनी छायाचित्रे काढली. पहिल्या सहलीतल्या एकात आम्ही दोघे हसत उभे आहोत आणि मागे त्याच चर्चचा घुमट दिसतो.

आता आमचा तो लेख एका संग्रहात घ्यायचे ठरले आहे. परिच्छेद बदलून पाठवला, तर सहलीच्या लेखात वाचकाला असले काही नको असते, मूळचाच ठेवू, असे उत्तर आले. आम्ही लेख परत मागितला आहे.