उत्तरभागाची कीर्ती

बायोवेअरच्या 'बाल्डर्स गेट' (१९९८) या संगणकीय खेळापेक्षा त्याचा उत्तरभाग 'शॅडोज ऑफ ॲम्न' (२०००) सरस, हे मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. कारण काय, तर दुसऱ्या भागातले सहप्रवासी बोलतात, भांडतात, प्रेमात पडतात. पहिल्यातले पंचवीस जण मात्र ठरावीक चार वाक्यांपलीकडे जात नाहीत. म्हणजे कादंबरीची फूटपट्टी घेऊन खेळ मोजायचा!

पहिल्या भागात लोखंडाचे संकट आहे. नाश्केलच्या खाणीतले लोखंड नासवले जाते, आणि ऐन झटापटीत आपल्याच हातातली तलवार मोडते. संकट वर्णन करून सांगायची गरजच उरत नाही. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या एकात्मतेवर वर्गात तासन्‌तास बोलणारे आपण. ती संवादांवाचून साधलेली दिसली, की तिला पात्रचित्रणाचा अभाव म्हणतो. आणि ही मितभाषी पात्रे निर्जीव तरी कुठे आहेत? डायनाहेरला सोडवण्यात दिरंगाई केली, तर मिन्स्क आपल्यावरच उलटतो.

उत्तरभागात इमोएनला पकडून नेले जाते. तिला सोडवण्याची निकड संवाद पुन्हा पुन्हा बजावतात. (आयरेनिकस हा खलनायक अव्वल आहे, हे मान्यच.) पण वीस हजार मोहरा जमवण्याच्या निमित्ताने खेळ आपल्याला अथकाट्लाभर, शहराबाहेरही, हवे तितके दिवस भटकू देतो. सहप्रवासी तोंडाने हळहळतात. इमोएनचे मात्र त्या दिरंगाईने काहीच बिघडत नाही. आपण पोहोचू तेव्हा ती होती तशीच कैदेत सापडते.