पहिला वार न करण्याचे व्रत



22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी 26 निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्या सहांतील दोघे पुण्याचे. हल्लेखोरांना सामोरा गेलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्यांत होता. 7 मेच्या पहाटे भारतीय सेनादलांनी ‘ऑपरेशन सिंदूर’ ही कारवाई करून सीमेपलीकडील दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर प्रहार केला. तेव्हापासून पुनावळे, ताथवडे, रावेत या भागातील आपल्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. तो विचारणारी बहुधा नवी पिढी असते. सकाळी सामायिकात सर्व जीवांशी मैत्रीचा भाव धरायचा आणि रात्री क्षेपणास्त्रांच्या बातम्या पाहून समाधान मानायचे, ही विसंगती नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही घोषणेने देऊन चालणार नाही. आपल्या आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाक, घरदार यांत घडते ती आरंभी हिंसा. शेती-व्यापारात घडते ती उद्योगी. आक्रमकापासून स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना घडते ती विरोधी. आणि मारण्याच्याच हेतूने केली जाते ती संकल्पी. साधूला चारही वर्ज्य आहेत. गृहस्थ श्रावकाने मात्र संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि इतर तिन्हींत यतना राखून त्या शक्य तितक्या कमी कराव्यात, असा अणुव्रताचा मार्ग आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता, याचे आपल्या पूर्वजांना कधी नवल वाटले नाही, त्यामागे हाच विवेक होता.

या विवेकाची सर्वांत सुंदर कथा भगवती सूत्रात आहे. मगधाचा राजा कोणिक वैशालीवर चालून आला. वैशाली हे गणराज्य होते. चेटक राजाच्या बाजूने मल्ल आणि लिच्छवींचे गणराजे एकत्र आले होते. त्या नगरीत वरुण नावाचा श्रावक राहत असे. तो बारा व्रतांचा पालक आणि नित्य दोन-दोन उपवास करणारा तपस्वी होता. राजाची आणि गणाची आज्ञा आली तेव्हा त्याने दोनाऐवजी तीन उपवासांचे प्रत्याख्यान घेतले, शस्त्रे धारण केली आणि रथात बसून तो रथमुसल संग्रामात उतरला. उतरताना त्याने एक नियम घेतला: जो माझ्यावर आधी प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन, इतरांवर नाही. समोर आलेल्या योद्ध्याने त्याला ‘मार’ म्हणून आव्हान दिले. आधी मारणे मला कल्पत नाही, पहिला प्रहार तूच कर, असे वरुणाने उत्तर दिले. शत्रूच्या बाणाने तो घायाळ झाला. मगच त्याने धनुष्य ओढले आणि त्याचा बाण चुकला नाही.

पण कथा इथे संपत नाही. मृत्यू जवळ आल्याचे जाणून वरुणाने रथ रणांगणाबाहेर नेला, घोडे मोकळे केले, दर्भाच्या आसनावर बसून भगवंतांना वंदन केले आणि आलोचना-प्रतिक्रमण करून समाधिमरण स्वीकारले. रणात पडणारा प्रत्येक जण स्वर्गाला जातो, ही लोकसमजूत प्रभू महावीरांनी गौतमस्वामींपाशी नाकारली आणि त्याच प्रसंगी वरुणाची ही कथा सांगितली. वरुणाला सद्गती मिळाली ती शत्रूला मारल्यामुळे नव्हे, अंतकाळच्या समाधीमुळे. विरोधी हिंसा श्रावकाला क्षम्य आहे, तरीही ती हिंसाच आहे. ती कर्तव्य म्हणून करावी लागते, पण तिचा उत्सव होत नाही.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील 51 वे कलम सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्राला स्वसंरक्षणाचा अधिकार देते. आपल्या भारतीय न्याय संहितेतील 34 ते 44 ही कलमे व्यक्तीला तोच अधिकार देतात आणि सोबत मर्यादाही घालतात: संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि शासनाकडे दाद मागण्यास अवसर असेल तर कायदा हाती घेता येत नाही. म्हणजे प्रहार कोणावर आणि किती, हे दोन प्रश्न स्वसंरक्षणाच्या अधिकारातच अंतर्भूत आहेत. ते सुटले की उरतो तो केवळ सूड.

हे दोन प्रश्न आपल्या महाराष्ट्राने कसोटीच्या वेळी सोडवून दाखवले आहेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही. त्यांच्या त्या मिठीमुळे हल्लेखोर जिवंत सापडला. 166 जणांच्या हत्याकांडात सामील झालेल्या त्या मनुष्याला आपण चौकात ठार केले नाही. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला, सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले. मे 2010 मध्ये विशेष न्यायालयाने, फेब्रुवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी आपल्या येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्याच न्यायालयाने त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना पुरावा अपुरा म्हणून निर्दोष सोडले, हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. एकाला फाशी आणि दोघांना मुक्ती देणारी तुला एकच होती. म्हणूनच पाकिस्तानातून झालेल्या त्या कटाचा आपला पुरावा जगापुढे ठामपणे मांडता आला.

ही तुला जिथे डळमळते तिथे काय होते, तेही पाहावे. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. प्रथम वर्गाच्या डब्यांतून घरी परतणारे 180 हून अधिक प्रवासी गेले. बाजारपेठेतून परतणारी आपली माणसेही त्यांत होती. या खटल्यात 2015 मध्ये दोषी ठरलेल्या बारा जणांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी रद्द केली. गुन्हा सिद्ध करण्यात अभियोग पक्ष पूर्णतः असफल ठरला, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. अंतिम निर्णय काहीही लागो, एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना खात्रीचे उत्तर नाही. तपास कच्चा राहिला तर एक तर निरपराध तुरुंगात सडतो, नाही तर अपराधी मोकळा सुटतो, आणि दोन्ही वेळा राष्ट्राची ढाल फुटते.

वाचकहो, या ढालीत आपल्या समाजाचा वाटा कोणता, हा खरा प्रश्न आहे. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत शेअर बाजार, काथा बाजार, झवेरी बाजार येथे स्फोट झाले. 257 माणसे गेली. ती स्फोटके रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरवण्यात आली होती आणि त्यांना वाट करून देणाऱ्या सीमाशुल्क व पोलीस खात्यातील काही जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. तस्करीच्या मालासाठी रुळलेल्या वाटेनेच मृत्यू आत आला. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा एक अतिचार आहे. राज्याचे निर्बंध ओलांडून व्यवहार करणे, असा त्याचा आशय. प्रतिक्रमणात आपण तो नित्य आठवतो. हवालाने रक्कम फिरवताना, बिलाविना माल हलवताना, नाक्यावर चिरीमिरी देऊन गाडी सोडवताना तो आठवतो काय?

पुनावळे मुंबई–बंगळूर महामार्गाच्या काठावर आहे. हिंजवडी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करणारी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे इथल्या इमारतींत भाड्याने राहतात आणि आपल्यातील अनेकांच्या सदनिका, गाळे, गोदामे त्यांच्याकडे आहेत. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करणे, गोदामात काय ठेवले जाते याची माहिती राखणे, प्रत्येक व्यवहार वहीत आणणे, हे आपले नागरी स्वसंरक्षण होय. याउलट, अमुक धर्माचा म्हणून घर नाकारणे, अमुक आडनावाच्या चालकाला काम न देणे, खातरजमा न केलेला द्वेषाचा संदेश समाजाच्या गटात पुढे पाठवणे, यांत रक्षण कोणाचेच होत नाही. ज्याने वार केलेला नाही त्याच्यावर तो वार असतो. ती विरोधी हिंसा नव्हे. ती संकल्पी हिंसा होय, आणि तिचा त्याग हेच तर आपले पहिले अणुव्रत आहे.

तेव्हा विचारणाऱ्या मुलांना निःशंकपणे सांगावे: सीमेवर उभा असलेला जवान वरुणाच्या जागी उभा आहे, त्याच्या शस्त्राची लाज वाटण्याचे कारण नाही. राष्ट्राला स्वतःचे रक्षण करण्याचा अधिकार आहे आणि नागरिकांसाठी ते राष्ट्राचे कर्तव्यही आहे. मात्र वरुणाने शस्त्राआधी नियम घेतला होता आणि शस्त्र ठेवल्यावर आलोचना केली होती. शस्त्र जवानाकडे असले, तरी तो नियम पाळण्याचे आणि ती आलोचना करण्याचे काम आपण घरी बसलेल्यांनी करायचे आहे.