चौकातलं युद्ध

धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा लागलं की एक फाटा केज-अंबाजोगाईकडे जातो, दुसरा पाटोद्याकडे. या चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर युक्रेनचं युद्ध अजून चालू आहे. कुणी पुतिनला खमक्या म्हणतो, कुणी झेलेन्स्कीला. (आपल्या सरपंचाबद्दल बोलताना मात्र हीच मंडळी आवाज खाली घेतात.)

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला, तेव्हा इथे असा उत्साह नव्हता. वैद्यकीय शिक्षणाला गेलेली मराठवाड्याची पोरं तिथल्या तळघरांत अडकली होती. १ मार्चला खारकिव्हमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी मारला गेला. 'ऑपरेशन गंगा'ची विमानं हजारोंना परत घेऊन आली आणि आपली चर्चा पुतिन-झेलेन्स्कीच्या कुस्तीच्या फडावर गेली.

या फडात एक प्रश्न कुणी घेत नाही. आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा पुरवठादार युक्रेन होता. युद्ध पेटताच किराणा दुकानात तेलाचा भाव चढला, रशिया-बेलारूसचं पोटॅश महागलं. मग करडई पिकवणारा हा आमचा मुलूख तेलासाठी काळ्या समुद्राकडे तोंड करून का बसला? पुतिन बरोबर की चूक, यापेक्षा हा वाद आमच्या हातातला आहे. माझ्यापुरतं सांगायचं, तर शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालणारा चूकच.

या अंकात करडईवर चार पानं आहेत. तुमच्या शेतातली करडई कधी आणि का बंद झाली, ते आम्हाला लिहून कळवा.