मुंबईतील न्यायालये : दावा दाखल करायचा कोठे?

दहिसरचा जकात नाका ओलांडून मीरा रोडला गेलेल्या नागरिकाचा सदनिकेविषयीचा दावा ठाणे जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयात चालतो. नाक्याच्या अलीकडे राहणाऱ्याची वाट मात्र निराळी आहे. राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे मुंबईत कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायालय अशी चढती दिवाणी रचना नाही. इलाख्याच्या राजधानीचा वारसा त्यामागे आहे.

1862 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाला शहरातील दिवाणी दावे थेट ऐकण्याचा मूळ अधिकार मिळाला. कोलकाता आणि चेन्नई येथील उच्च न्यायालयांनाही असाच अधिकार आहे. मुंबईत उच्च न्यायालयावरील भार हलका करण्यासाठी 1948 च्या कायद्याने शहर दिवाणी न्यायालय निर्माण करण्यात आले आणि दाव्याच्या रकमेवरून दोहोंमधील सीमा आखली गेली. खरा प्रश्न या सीमेचा आहे.

2012 पर्यंत शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा अवघी 50 हजार रुपये होती. त्या वर्षी ती एक कोटीवर नेण्यात आली. परंतु मुंबईत घरांचे भाव असे वाढले की मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दोन खोल्यांचा वादही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जाऊ लागला. 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही मर्यादा दहा कोटींवर नेली. त्यामुळे सामान्य पक्षकारासाठी शहर दिवाणी न्यायालयाचे दार पुन्हा उघडले. अर्थात, वादांची संख्या त्यामुळे घटली नाही. ओझे केवळ एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेले. जास्त न्यायाधीश आणि कर्मचारी मिळाल्याखेरीज पक्षकाराला तारखांचा फरक जाणवणे कठीण आहे.

भाडेकरू आणि घरमालक यांच्यासाठी तिसरे दार आहे, ते म्हणजे लघुवाद न्यायालय. धोबी तलावाजवळील या न्यायालयाचे नाव 'लघु' असले तरी काम मोठे आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर रिकामे करून घेण्याचे दावे, जागेची किंमत कितीही असो, मुंबईत येथेच चालतात. गिरगावातील जुन्या चाळीच्या खोलीचे भवितव्य येथे ठरते. निकालाविरुद्धचे पहिले अपीलही याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे होते. शहर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध मात्र थेट उच्च न्यायालयात अपील करावे लागते. नवरा-बायकोचे वाद आणखी वेगळे. ते वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाकडे जातात.

दार चुकले तर काय होते? न्यायालय वादपत्र योग्य ठिकाणी दाखल करण्यासाठी परत करते. सद्भावनेने चुकीच्या न्यायालयात घालवलेला काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्याची तरतूद मुदत कायद्यात आहे. वकिलाची फी आणि गेलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

फौजदारी बाजू तुलनेने सरळ आहे. पोलिसांनी अटक केलेल्या व्यक्तीला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. त्यासाठी किल्ला कोर्ट म्हणून ओळखले जाणारे एस्प्लनेड न्यायालय, तसेच दादर, कुर्ला, वांद्रे, अंधेरी आणि बोरिवली आदी ठिकाणी न्यायालये आहेत. खुनासारखे गंभीर खटले सत्र न्यायालयाकडे वर्ग होतात आणि फाशीची शिक्षा झाल्यास ती उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याच्या खटल्यातही हाच क्रम होता. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयाने 2010 मध्ये दिलेली फाशी उच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली.

शहर दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीशच सत्र न्यायालयाचे कामही पाहतात, ही बाब फारशी ठाऊक नसते. अमली पदार्थ, बालकांवरील अत्याचार आणि भ्रष्टाचार यांसाठीची विशेष न्यायालयेही याच मनुष्यबळातून चालवावी लागतात. कायद्याने खटल्यांना कालमर्यादा घालून दिली की त्याची झळ दिवाणी दाव्यांच्या यादीला बसते.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1973 च्या संहितेतील 'महानगर दंडाधिकारी' ही स्वतंत्र श्रेणी नाहीशी झाली. फौजदारी बाजूचे मुंबईचे वेगळेपण अशा रीतीने कायद्यापुरते संपले. दिवाणी बाजूचे मात्र कायम आहे.