बारीक चिरा, प्लीज!

एक छोटासा हिशेब करा. गेल्या पाच वर्षांत तुम्ही आधार कार्डाच्या किती झेरॉक्स काढल्यात? भाड्याच्या फ्लॅटसाठी, गॅस कनेक्शनसाठी, नव्या नोकरीच्या जॉइनिंगला, हॉटेलच्या काउंटरवर... आणि दर वेळी झेरॉक्सवाल्याला आपण काय सांगतो? ‘दोन जास्तच काढा, लागतात.’ त्या जास्तीच्या दोन जातात ड्रॉवरमध्ये. मग एखाद्या रविवारी आवराआवरीचा झटका येतो आणि जुने पेपर, मासिकं, मॉलची पत्रकं यांच्याबरोबर त्याही रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. तुमचं नाव, फोटो, पत्ता, जन्मतारीख आणि खाली तुमचीच सही, सगळं किलोच्या भावात!

माझ्या एका मैत्रिणीनं मध्यंतरी ‘संचार साथी’वर सहज डोकावून पाहिलं. दूरसंचार खात्यानं २०२३ मध्ये सुरू केलेल्या या पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते दिसतं. हिच्या नावावर निघाली तीन. वापरते एक. उरलेले दोन नंबर तिनं कधी पाहिलेसुद्धा नव्हते. ‘हे माझे नाहीत’ अशी तक्रार तिथेच करता येते, ती तिनं केली. पण झेरॉक्स नेमकी कुठून फुटली? एजंटकडून, दुकानातून की घरच्याच रद्दीतून? ते तिला बहुधा कधीच कळणार नाही. बाहेर दिलेल्या कागदावर आपला फारसा कंट्रोल नसतो (चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, एवढंच). घरातल्या कागदावर मात्र नक्की असतो. म्हणून आज श्रेडरबद्दल.

‘मी चार तुकडे करूनच टाकतो की!’ असं म्हणणारे बरेच आहेत. बॉस, चार तुकडे म्हणजे लहान मुलांचं जिगसॉ. अगदी मशिननं केलेल्या उभ्या पट्ट्याही जोडता येतात. १९७९ साली तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीवर आंदोलकांनी कब्जा केला, तेव्हा आतल्या लोकांनी घाईघाईनं गुप्त कागदांच्या पट्ट्या केल्या होत्या. इराणमध्ये गालिचे विणणाऱ्यांची काय कमी! त्यांच्या मदतीनं त्या पट्ट्या शेजारीशेजारी लावून पुन्हा वाचल्या गेल्या आणि पुढे पुस्तकरूपानं छापल्याही गेल्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं तर स्पर्धाच लावली. पाच कागदपत्रांचे दहा हजारांहून जास्त तुकडे जोडून दाखवा आणि पन्नास हजार डॉलर न्या. एका टीमनं ते कॉम्प्युटरच्या मदतीनं महिन्याभरात जुळवले.

घाबरू नका, तुमच्या वीजबिलासाठी कोणी गालिचेवाले बसवणार नाही. पण पट्टी आणि तुकडा यांतला फरक लक्षात आला ना? मशिन घेताना सगळा फंडा तोच आहे.

जर्मनीतल्या आडोल्फ एहिंगरला १९३५ मध्ये हे मशिन सुचलं ते म्हणे शेवयांच्या साच्यावरून. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजून घेऊ. पहिला प्रकार स्ट्रिप-कट, म्हणजे शेवया. ए-फोर कागदाच्या सहा मिलिमीटरच्या ३५ उभ्या पट्ट्या. कागद आडवा गेला, तर एकेका पट्टीवर अख्खी ओळ वाचता येते. दुसरा क्रॉस-कट, म्हणजे उभा-आडवा चिरलेला कोबी. तिसरा मायक्रो-कट, म्हणजे किसलेलं खोबरं. बॉक्सवर ‘पी’ आणि पुढे १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो, ती बारीकपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी. पी-४ म्हणजे एक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा, एका ए-फोरचे साधारण ३९० तुकडे. पी-५ मध्ये तोच कागद दोन हजारांच्या वर तुकड्यांत जातो.

घरासाठी माझं मत पी-४. पी-२चं स्वस्त मशिन मोह पाडतं, पण ते कुणालाही भेट म्हणूनसुद्धा देऊ नका. पी-५ छान असतं, मात्र ते एका वेळी कमी कागद घेतं आणि तेल जास्त मागतं. पगाराची कागदपत्रं, मेडिकल रिपोर्ट किंवा क्लायंटचे करार हाताळणाऱ्या ऑफिसनं मात्र पी-५च बघावं.

आता दुकानात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘एका वेळी १० कागद.’ तो आकडा मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी विचारा, सलग किती मिनिटं चालतं आणि मग किती वेळ थंड व्हावं लागतं? घरगुती मशिनं दोन-पाच मिनिटं पळाली की अर्धा-अर्धा तास झोपतात. मोटर तापली की ती आपोआप बंद होते. मशिन बिघडलेलं नसतं. घरी हे चालून जातं. पण तेच मशिन पंधरा जणांच्या ऑफिसात ठेवलंत, तर वर्षअखेरीच्या साफसफाईत त्याचा जीव जाईल. आणि ‘१० कागद’ म्हणजे पातळ, कोरडे, नवे कागद. तुम्ही सात घाला. पावसाळ्यात पाचच. जुलैतला मुंबईचा कागद पापडासारखा सादळलेला असतो, तो पात्यांना लपेटून बसतो. उलट फिरवायचं बटण, म्हणजे रिव्हर्स, नसेल तर मशिन घेऊच नका.

मेंटेनन्समध्ये नव्वद टक्के लोक एकच गोष्ट करत नाहीत, ती म्हणजे तेल घालणं. एका कागदावर श्रेडरच्या तेलाची नागमोडी रेघ ओढायची, तो कागद मशिनमध्ये सोडायचा आणि मग दोन-तीन सेकंद रिव्हर्स. दर वेळी टोपली रिकामी केली की हे करायचं. बस्स! गंज काढायचा स्प्रेचा डबा मात्र लांब ठेवा. त्यातला वायू पेट घेणारा असतो आणि मोटरमध्ये ठिणग्या उडतात. आवाज घरघरीत झाला, चुरा लांबट पडायला लागला, की समजा तेल मागतंय.

छोटी स्टेपलची पिन बरीच मशिनं पचवतात, यू-क्लिप नाही. लॅमिनेट केलेलं कार्ड आणि गोंदाची स्टिकरं तर आत घालूच नका. गोंद पात्यांवर बसला की पुढचा प्रत्येक कागद तिथे अडकतो. मग ऑनलाइन खरेदीच्या खोक्यावरचं लेबल? नाव, पत्ता, मोबाइल, सगळं त्याच्यावरच तर असतं! ते ओलं करून खरवडा किंवा मार्करनं काळं करून कात्री लावा. आणि मशिनजवळ ओढणी, टाय, मोकळे केस आणि लहान मुलं नकोत. काम झालं की प्लग काढायचा.

काय फाडायचं नाही, तेही बघा. मूळ करारपत्रं, प्रॉपर्टीचे कागद, चालू वॉरंटीची बिलं यांना हात नको. टॅक्सचे कागद सीएला विचारल्याशिवाय नाहीत. कंपनी असेल, तर २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर्स आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. उत्साही इंटर्नच्या हाती मशिन देण्याआधी हे दारावर चिकटवा. रद्दीतलं बाकी सगळं, पेपर-मासिकं वगैरे, अख्खंच द्या. तुकडे केले की कागदाचा तंतू आखूड होतो, त्यापासून चांगला कागद बनत नाही आणि रद्दीवालाही तोंड वाकडं करतो. वीजबिलाचा नाव-नंबराचा भाग कापून तेवढाच श्रेडरमध्ये घातला तरी पुरतं.

उरतो तो चुरा. रिझर्व्ह बँक मळक्या नोटांचा भुगा दाबून त्याच्या विटा करते, आपल्याकडे तशी सोय नाही. गच्चीत कंपोस्ट करत असाल तर साधा कागद ओल्या कचऱ्यावर मूठ-मूठ पसरा. गुळगुळीत आणि एटीएमच्या पावत्यांचा कागद वगळून. शिफ्टिंग असेल तर कपबश्यांच्या मध्ये भरा. नाहीतर पिशवीचं तोंड घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात द्या. आणि टोपली रिकामी करण्याआधी पंखा बंद करा, नाहीतर पुढचे दोन दिवस सोफ्याखालून पी-४ काढत बसाल.