मोजकी यादी, ओळखीचे गिऱ्हाईक

व्यापार वाढवावयाचा म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या वाढवावयाची, असा एक समज आपल्या पेढ्यांतून रूढ आहे. या समजास अलीकडे नव्या साधनांचे बळ लाभले आहे. कोणी मध्यस्थ हजारो दुकानदारांचे दूरध्वनी क्रमांक असलेली यादी विकावयास आणतो. घरातील तरुण मंडळी ती विकत घेतात आणि एका दिवसात सर्वांना एकच संदेश धाडून मोकळी होतात. उलटपक्षी वडीलधारी मंडळी म्हणतात, 'आम्हांस यादी कशाला? आमची गिऱ्हाइके आम्हांस तोंडपाठ आहेत.' आमच्या मते या दोन्ही भूमिका सारख्याच घातक आहेत. पहिलीत गिऱ्हाईक कोण, हे कोणी विचारीतच नाही. दुसरीत ते एकट्या मुनिमासच ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला म्हणजे पेढीची निम्मी पुंजी त्याच्याबरोबर निघून जाते.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. बेळगावातील एका घाऊक पेढीच्या खतावणीत १,२०० खाती आहेत, असे धरून चालू. तिचा फिरता विक्रेता कधी चोर्ला घाट उतरून गोव्यात, कधी निपाणीवरून कोल्हापुरास, तर कधी हुबळीकडे जातो. रोज आठ दुकाने व महिन्यास चोवीस दिवस, हा क्रम त्याने कधीही चुकविला नाही, तरी महिन्याकाठी १९२ भेटी होतात. म्हणजे प्रत्येक दुकानाची पायरी एकदा चढावयास सहा महिन्यांहून अधिक काळ लागणार! तेवढ्या अवधीत दर पंधरवड्यास येणारा दुसऱ्या पेढीचा माणूस तेथे बारा वेळा चहा घेऊन गेलेला असतो. हीच खाती निवडून नव्वदांवर आणली, तर प्रत्येकाकडे महिन्यातून दोनदा जाता येते आणि बारा भेटी नव्या ओळखींसाठी शिल्लक राहतात. यादी आखूड करणे म्हणजे व्यापार आखडणे नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

मग हे नव्वद निवडावयाचे कसे? धान्य चाळण्यापूर्वी त्यातील खडे वेचावे लागतात. आपल्या खतावणीत एकच दुकान तीन नावांनी नांदत असते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि त्याच्या नोंदणी क्रमांकाने या कामी मोठीच सोय करून ठेवली आहे. पंधरा अंकाक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. पुढील दहा अक्षरे आयकराच्या 'पॅन'ची. बेळगावचे एक खाते व मडगावचे दुसरे खाते यांची ही दहा अक्षरे जुळली, की दोन्ही दुकानांचा धनी एकच, हे उघड होते. मग दोहोंची उधारी एकत्र मोजावयास हवी. पॅनचे चौथे अक्षरही बोलके असते. 'पी' म्हणजे एकटा मालक, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, 'सी' म्हणजे कंपनी. गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी बोलावयाचे की खरेदी अधिकाऱ्यास रीतसर दरपत्रक धाडावयाचे, हे त्यावरून आधीच ठरविता येते. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, तेही शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

वही स्वच्छ झाली, की चाळण लावावी. पहिली चाळण मार्गाची, दुसरी मालाची. आपण जो माल ठेवतो तो त्या दुकानात खपतो काय, हे पाहण्याची. तिसरी चाळण टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी पूर्वीच रूढ केलेली आहे: गिऱ्हाइकाने शेवटची खरेदी केव्हा केली, वर्षातून किती वेळा केली आणि किती रकमेची केली. या तिन्हींत रकमेवर सर्वांची दृष्टी आधी जाते, आणि तेथेच फसगत होते. म्हणून चौथी चाळण वसुलीची हवी. शेकडा चार नफ्यावर एक लाख रुपयांचा माल दिला आणि पैसे १२० दिवसांनी आले, तर वर्षाचे ३६० दिवस धरता ते भांडवल तीनदा फिरते व १२,००० रुपये मिळतात. तोच लाख वीस दिवसांत चुकते करणाऱ्या लहान दुकानदारांत विभागून दिला, तर तो अठरा वेळा फिरतो व ७२,००० रुपये आणतो. 'मोठे गिऱ्हाईक' कोणास म्हणावे, याचा निवाडा विक्रीच्या आकड्यावर न करता या हिशेबावर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथवर यंत्र उत्तम साहाय्य करते. यापुढे मात्र सावधगिरी हवी. चाळणीला मागचे दिसते, पुढचे दिसत नाही. 'खरेदी नाही' एवढे दिसते, 'का नाही' ते दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली व बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला आणि कित्येक दुकानांतील माल चिखलात गेला. पाठोपाठ २०२० साली टाळेबंदी आली. त्या काळात 'सहा महिन्यांत खरेदी नसलेली खाती वगळा' अशी आज्ञा जर कोणी यंत्रास दिली असती, तर वर्षानुवर्षे चोख व्यवहार ठेवणारी माणसे, ज्या घडीला त्यांना आधाराची गरज होती, नेमकी त्याच घडीला आपल्या यादीतून पुसली गेली असती. तसेच कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या राज्यांत, राज्यातल्या राज्यातच माल विकणाऱ्या दुकानदारास सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत कराची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी क्रमांकावरच यादी बेतली, तर खेड्यातील हा लहान दुकानदार आपणांस दिसणारच नाही. आणि उद्याचा मोठा व्यापारी त्यांच्यातूनच उभा राहावयाचा असतो.

यास्तव आमची सूचना अशी की, नावे निवडण्याचे काम यंत्राने करावे, परंतु नावे वगळण्याचे काम माणसाने करावे. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करण्यापूर्वी घरातील वडील, मुनीम व तरुण यांनी एकत्र बसावे आणि वगळावयाचे प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे. 'याच्या मुलीचे लग्न होते', 'त्याचा रस्ता वर्षभर खणलेला होता', अशी उत्तरे त्या बैठकीतच निघतात. ती खात्यापुढे टिपून ठेवावीत. वडिलांची स्मरणशक्ती वहीत उतरते, ती अशाने.

शेवटी एक कर्तव्याची गोष्ट. एकाच्या खात्याची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालावयाची नाही, हा पेढीचा जुना दंडक आहे. गिऱ्हाइकाची माहिती ही त्याने आपल्या हवाली केलेली ठेव आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कायद्याची वाट न पाहताही आपणांस हे उमजावयास हवे, की जी यादी आपण विकत घेतो, तीत दुसऱ्या कोणाची तरी ठेव विकली गेलेली असते. आणि जो मध्यस्थ आज आपणांस इतरांची नावे विकतो, तो उद्या आपल्या गिऱ्हाइकांची नावे शेजारच्या पेढीस विकावयास कचरणार नाही.

बाजारातील हजार नावांपेक्षा आपल्याच वहीतील नव्वद नावे नीट वाचणे अधिक लाभाचे आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य प्रत्येक पेढीत आजच पडून आहे. ते उघडून बसण्यास चार दिवसांची सवड मात्र काढावयास हवी.