परवडत नाही म्हणून...

मिलानहून गाडीने तासाभरावर तोर्तोना आहे. परवाच्या रविवारी तिथल्या टेकड्यांवर भटकून आलो. सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं गाव याच टेकड्यांत, पण मी गेलो होतो तिमोरास्सोसाठी. पांढऱ्या वाईनचं हे इथलं जुनं द्राक्ष.

जात मोठी लहरी. फुलोरा गळतो, घडातले मणी एकसारखे पिकत नाहीत, पिकाचा भरवसा नाही. फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या, आणि पुन्हा लागवड करताना इथल्या शेतकऱ्यांनी हमखास पीक देणारी कोर्तेझे लावली. तिमोरास्सो जवळजवळ संपलीच. मोनलेआले गावच्या वॉल्टर मास्सा यांनी उरलेसुरले वेल जपले आणि १९८७ सालच्या द्राक्षांपासून तिची वेगळी वाईन केली. आज बाटल्यांवर देर्तोना हे तोर्तोनाचं रोमन काळातलं नाव दिसतं.

चव? आंबटपणा ठसठशीत, अंगाने भरलेली, मागून मध. काही वर्षं ठेवली तर रॉकेलसारखा वास येतो. नाक मुरडू नका, जुन्या रीसलिंगलाही तो येतो आणि जाणकार त्यासाठीच थांबतात.

'जे परवडत नाही ते जाणारच' असं आपण सहज म्हणतो. मीही म्हटलंय. आजोळची रायवळ आंब्याची झाडं तोडून हापूसची कलमं लावायचं ठरलं, तेव्हा फोनवर पहिला होकार माझा होता. मामा, दोष तुझा नव्हता. पोट भरायचं तर हिशोब करावाच लागतो. कोर्तेझे लावणाऱ्यांनीही तोच केला.

पण तो हिशोब फक्त किलोंचा होता. चव कशी, टिकते किती, हा रकानाच त्यात नव्हता. मास्सांनी तो रकाना भरला, आणि 'न परवडणारी' जात परवडू लागली. आता बारोलोवाले मोठे उत्पादकही इथे जमिनी घेताहेत. उद्या सगळीकडे फक्त तिमोरास्सोच लावली, तर तीही नवी कोर्तेझेच व्हायची, ही भीती आहेच.

म्हणून वाटतं, सगळं वाचवता येणार नाही, पण प्रत्येक जातीचे चार वेल तरी राहू द्यावेत. मास्सांना निदान उरलेले वेल सापडले. आमच्या परसातल्या त्या बिटकीची कोय कुणी ठेवली आहे का? असेल तर कळवा.

असो.